तुरट घोट

आमच्या ह्यांचा वास गेला तो एका साध्या तापानं. पावसाळ्यात ताप आला, अंग मोडून काढलं, आणि जाताना वास घेऊन गेला. नाक जागेवरच आहे, चांगलं ठसठशीत, कोल्हापूरकडचं. त्याचं काम मात्र बंद पडलं. डॉक्टर म्हणाले, परत येईल, कदाचित नाहीही येणार, वाट बघा. वाट तर मीही बघायला सांगितली असती, त्यासाठी डॉक्टर कशाला व्हायला हवं होतं.

ज्यांचं नाक मुळातच यथातथा असतं त्यांना वाटेल, यात काय एवढं मोठं. आमचे हे नाकावर जगणारे. बँकेच्या बदलीनं कोलकात्याला आलो, मुलगा इथंच न्यू टाउनला एका कंपनीत लागला म्हणून निवृत्तीनंतर डमडमलाच, विमानतळाजवळ, फ्लॅट घेऊन राहिलो, आणि इथल्या बाजारात ह्यांनी नाकाच्या जोरावर नाव काढलं. माशाचा कल्ला उचलायचे, वास घ्यायचे आणि मान हलवून पुढच्या पाटीकडे जायचे. बंगाल्यांच्या बाजारात एक मराठी माणूस मासा नापसंत करतो याचं तिथल्या लोकांना रागापेक्षा कौतुकच जास्त होतं. घरी मटणाचा मसाला भाजायचा तो ह्यांनीच. कधी मी भाजायला घेतलाच, तर हे बाहेरच्या खोलीतून, पेपरातून डोकं वर न काढता, खोबरं आता उतरव म्हणून सांगायचे. मला राग यायचा, कारण ते बरोबर असायचं.

ताप गेल्यावर जिभेला खारट, गोड, आंबट, तिखट एवढं कळायचं. त्यापलीकडे काही नाही. मथळे वाचून पेपर बाजूला ठेवावा तसे हे जेवायला लागले. "मीठ बरोबर आहे," एवढं सांगून उठायचे. पहिल्यांदा मी वांगं, माठ, सोडे, सगळं आलटून पालटून करून बघितलं. प्रत्येक गोष्टीचं मीठ बरोबर निघालं. थंडी पडल्यावर खजुराचा नवा गूळ आला, ज्याच्या वासासाठी हा माणूस मिठाईच्या दुकानासमोरून दोनदा जायचा. मी त्यातला खडा ह्यांच्या हातावर ठेवला. तोंडात टाकून म्हणाले, गोड आहे. मी मोरीत जाऊन रडले.

त्याच सुमारास दुधाचं झालं. मी भाजी आणायला खाली गेले होते, हे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते, पाठीमागे गॅसवर दूध. परत आले तर जिन्यात करपल्याचा वास आणि घरात निळा धूर. हे तिथंच बसून होते. पातेलं काळं ठिक्कर पडलं होतं. मी गॅस बंद केला तेव्हा ह्यांनी मागं वळून बघितलं. माझ्या चेहऱ्यावर सगळं दिसलं असणार. ह्यांनी ते पातेलं घेतलं आणि दुपारभर घासत बसले. संध्याकाळी एवढंच म्हणाले, की हे कुणाला सांगायचं नाही. मुलालाही नाही.

सांगायचं नाही म्हटल्यावर माझी जास्त पंचाईत झाली. मराठीत बोलायचं म्हणजे नाकाशिवाय भागत नाही. नाकी नऊ आले म्हणायला तोंड उघडावं आणि गप्प बसावं. नाक मुरडू नका, हे तर मी लग्न झाल्यापासून रोज म्हणत आले होते. आता ते म्हणायची सोयच राहिली नाही, कारण हे कशालाच नाक मुरडत नव्हते. मला तीच गोष्ट सगळ्यात जास्त सहन होत नव्हती.

आमच्या खालच्या मजल्यावर दादा राहतात. वयानं ह्यांच्याहून मोठे, पण बंगाली रिवाजाप्रमाणे ते ह्यांना दादा म्हणतात, मला बौदी, म्हणजे वहिनी, आणि आम्ही दोघं त्यांना दादा म्हणतो. जन्म बराकपूरचा, नोकरी यंत्रांच्या कारखान्यांतली, आणि तरुणपणी काही वर्षं इटलीत तोरीनोला काढलेली. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. स्वयंपाक स्वतः करतात आणि फार चांगला करतात. आमच्याशी बोलताना सुरुवात हिंदीत करतात आणि उत्साह चढला की कधी बंगालीत शिरतात ते त्यांचं त्यांनाच कळत नाही. मग आम्ही अंदाजानं ऐकतो.

गेल्या वर्षी ह्याच दादांना जिन्यात बसलेलं मी बघितलं होतं. छातीवर हात, डोळे मिटलेले, आणि तोंडात एकच शब्द, कोश्टो. बंगालीतलं कोश्टो म्हणजे लिहायला आपलं कष्टच, पण त्यांच्याकडे कष्ट म्हणजे मेहनत नव्हे, दुखणं. छातीत कोश्टो म्हणाले की समजायचं. आम्ही दोघांनी त्यांना टॅक्सीत घालून दवाखान्यात नेलं, अँजिओप्लास्टी झाली, घरी आले. तेव्हापासून त्यांच्या शर्टाच्या खिशात जिभेखाली ठेवायची गोळी असते, आणि माझा एक कान त्यांच्या दाराकडे असतो.

तर जानेवारीतल्या एका रविवारी ह्या दादांनी आम्हाला दुपारी जेवायला बोलावलं. त्यांची मुलगी कामानिमित्त तोरीनोला गेली होती, तिनं येताना एक बाटली आणली होती. बारोलो. तिथल्याच टेकड्यांमधली लाल वाइन, दादांच्या म्हणण्याप्रमाणे त्या प्रांताचा राजा. बाटली येऊन महिने लोटले होते, पण कोलकात्याच्या उकाड्यात ती उघडणं म्हणजे अपमान, म्हणून ते थंडीची वाट बघत होते. आणि ती एकट्यानं प्यायची नसते, असं ते तीन वेळा म्हणाले.

इथपर्यंत ठीक होतं. पण पुढे ते वासाबद्दल बोलायला लागले. ही वाइन प्यायची घाई करायची नाही, म्हणे, ग्लास हातात घेऊन नुसता वास घेत बसायचं. दर दहा मिनिटांनी वास बदलतो. गुलाब असतो, डांबर असतं, तंबाखू असतो. निम्मी मजा नाकात. हे माझ्या शेजारी उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

वर आल्यावर हे म्हणाले, तू जा, माझं पोट बिघडलंय म्हणून सांग. मी म्हटलं, दादा लगेच पोटाला काय घ्यायचं ते घेऊन वर येतील, आणि संध्याकाळपर्यंत उठणार नाहीत. हे खरं होतं, ह्यांनाही माहीत होतं. मग म्हणाले, मला विचारलं तर मी काय सांगू. बँकेत एवढ्या लोकांना हाताळलेला माणूस खालच्या मजल्यावर जायला घाबरत होता, आणि मला त्यांना लहान मुलासारखं पोटाशी धरावंसं वाटत होतं.

आता माझं सांगते. माझ्या माहेरी बाटलीतलं जे काही असेल त्याला एकच शब्द होता, दारू. बँकेच्या पार्ट्यांना मी कायम संत्र्याचं सरबत घेऊन कोपऱ्यात. हे कधीमधी घ्यायचे, नाशिकला बदली असताना द्राक्षबागायतदारांच्या आग्रहाखातर वाइनही घेतलेली. मी ठरवून गेले होते की ओठ लावायचे आणि ग्लास ठेवून द्यायचा.

दादांनी टेबलावर पांढरं कापड घातलं होतं. बाटली सकाळीच उघडून त्यांनी वाइन एका काचेच्या निमुळत्या भांड्यात ओतून ठेवली होती. मी नीट बघितलं तर ती फुलदाणी होती. मी विचारलं तसे म्हणाले, चांगली धुतलीय बौदी, हिला हवा लागावी लागते, बाटलीत कोंडलेली वाइन बोलत नाही. कोंडलेलं ते बोलत नाही, हे मला पटलं. माझ्या घरात तसंच एक माणूस होतं.

मला वाटलं होतं राजा म्हणजे जांभळासारखा काळाभोर असेल. ग्लासात ओतली तर पातळ आमसुलाच्या पाण्यासारखी, आरपार दिसणारी, कडेला विटकरी. ही पांचट निघणार, असं मनात आलं. दादांनी माझा चेहरा वाचला असावा. म्हणाले, रंगावर जाऊ नका. हे द्राक्ष सगळ्यांच्या मागून पिकतं, दऱ्यांतून धुकं चढायला लागतं तेव्हा, आणि त्याचं नावही धुक्यावरूनच पडलंय. लहानपणी बराकपूरच्या घाटावरून हिवाळ्यात पलीकडचा काठ दिसायचा नाही, म्हणून तोरीनोला त्या टेकड्या बघितल्या तेव्हा घरी आल्यासारखं वाटलं, असं काहीतरी सांगत होते. वरून विमान गेलं, आमच्याकडे विमान गेलं की वाक्य तिथंच थांबवायचं आणि नंतर पुढे न्यायचं अशी सगळ्यांनाच सवय आहे. विमान गेल्यावर मात्र त्यांनी वाक्य पुढे नेलं नाही. ग्लासात नाक घातलं, बराच वेळ तसेच राहिले, आणि ह्यांना विचारलं, कसला वास येतोय.

ह्यांनी ग्लास नाकाशी धरला होता. फोटोसाठी हार हातात धरून उभं राहावं तसा. म्हणाले, छान आहे.

छान म्हणजे कसला, गुलाब येतोय का, दादांनी विचारलं. भल्या माणसाचा आग्रह फार वाईट, त्याच्यावर रागावताही येत नाही. मी मध्येच मटणाची चौकशी केली, खाली लागत तर नाही ना म्हणून. दादा म्हणाले गॅस बंद आहे, आणि परत ह्यांच्याकडे वळले. ह्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या. काहीतरी उत्तर द्यायचं टाळायला म्हणून ह्यांनी चक्क एक मोठा घोट घेतला. ते बघून दादांनीही घेतला. तोंडात घोळवला, गिळला, डोळे मिटले. त्यांचा हात सावकाश छातीवर गेला, आणि ते पुटपुटले, "कोश्टे."

पुढचं मला नीट आठवत नाही, दोघांनी नंतर सांगितलं तेच खरं धरायचं. मी खुर्ची पाडून उठले. दादांच्या खिशात हात घातला, गोळी सापडेना, चष्म्याचं कापड आणि विजेच्या बिलाची पावती निघाली. ह्यांना म्हटलं, टॅक्सी बघा. दादांना म्हटलं, बोलू नका, जीभ वर करा. दादा इतके गोंधळले की त्यांनी खरंच जीभ वर केली.

हे जागचे हलले नाहीत. तोंड मिटून, गाल आत ओढून, काहीतरी शोधत असल्यासारखे बसले होते. मग म्हणाले, "अगं थांब. कष्ट नाही म्हणत ते. तुरट म्हणतायत. तुरटच आहे ही."

माझा हात दादांच्या खिशातच राहिला. दादांनी जीभ खाली घेतली आणि खुलासा केला. कोश्टो म्हणजे दुखणं, कोश्टे म्हणजे कच्चं केळं खाल्लं की तोंडाला होतं ते. इतकी वर्षं बंगाल्यांत राहून मला हा फरक ठाऊक नव्हता, आणि एका मात्रेच्या चुकीनं मी एका धडधाकट माणसाला मरायला टेकवलं होतं. दादा हसता हसता डोळे पुसायला लागले. आणि हेसुद्धा हसत होते. आवाज करून, खांदे हलवत. तो आवाज आमच्या घरात पावसाळ्यापासून झाला नव्हता.

खुर्ची उभी करून बसल्यावर मग माझ्या डोक्यात उजेड पडला. दादांचा शब्द ह्यांनाही ठाऊक नव्हता. ह्यांचं बंगाली माझ्याहून कच्चं. ह्यांना अर्थ कळला तो तोंडात त्या वेळी जे चाललं होतं त्यावरून.

मी विचारलं, तुम्हाला लागतंय ते?

हे म्हणाले, लागतंय. हिरड्यांपासून सुरू होतं, जिभेच्या कडा ओढून घेतं, गालाच्या आतून घट्ट होत जातं. हिरडा चघळावा तसं, पण हिरडा नुसता मारतो, ही धरून ठेवते आणि मग हळूहळू सोडते. त्यांनी दुसरा घोट घेतला. आत आंबट आहे, म्हणाले, आमसुलासारखं नाही, जरा टोकदार. ते आधी जातं. तुरट मागं राहतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मीठ बरोबर आहे यापलीकडे हा माणूस एखाद्या चवीबद्दल इतकं बोलला त्याला किती दिवस झाले होते.

दादा तर खूशच झाले. त्यांनी मटण वाढलं, कोशा मांग्शो, कांदा आणि मसाला तेलात तासन्‌तास परतून केलेलं, घट्ट आणि चकचकीत. म्हणाले, आता एक घास खा आणि मग घोट घ्या. ह्यांनी तसं केलं आणि भुवया वर गेल्या. तूप लावल्यासारखी मऊ झाली, म्हणाले. मटणाच्या चरबीनं तुरटपणा विरघळला, आणि वाइननं तोंडातली चरबी धुऊन निघाली, की पुन्हा घास हवासा वाटतो. हे एक घास, एक घोट, असं करत राहिले आणि प्रत्येक वेळी काय बदललं ते सांगत राहिले. वासावाचून ज्या गोष्टी तोंडात घडू शकतात त्या सगळ्या त्या वाइनमध्ये घडत होत्या. ह्यांनी मटण पुन्हा मागून घेतलं. मी ताटाकडे बघत होते, कारण वर बघितलं असतं तर डोळे भरले असते.

मग ह्यांनी काटा खाली ठेवला आणि हिंदीत, सरळ आवाजात, दादांना सांगितलं की मला वास येत नाही. तापात गेला. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो.

दादांनी आपला ग्लास खाली ठेवला. अरेरे म्हणाले नाहीत, ओळखीच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं नाही, आपल्या भाच्यालाही तसंच झालं होतं असंही नाही. त्यासाठी मी त्यांना जन्मभर मानीन. ते म्हणाले, तुरटपणा हाच हिचा कणा आहे, तो तुम्हाला कळला. आम्ही वरच्या वासातच अडकून पडतो. आणि त्यांनी फुलदाणीतली वाइन ह्यांच्या ग्लासात ओतली.

हे ग्लास हातात घेऊन बसले. नाकाशी नेला नाही. माझा ग्लास तसाच भरलेला होता, त्याच्याकडे बघत म्हणाले, "तू सांग. कसला वास येतोय?"

इतके महिने मी ह्यांच्यासमोर वासाचं नाव काढत नव्हते. फोडणी दिली तरी दार लोटून द्यायचे. मी म्हटलं, मला काय कळतंय त्यातलं. म्हणाले, जे येईल ते सांग.

मी नाक घातलं. आधी नुसतीच दारू आली, आणि माझं माहेर आठवलं. पुन्हा नाक घातलं. मग म्हटलं, फुलं आहेत, पण ताजी नाहीत. निर्माल्य. दुसऱ्या दिवशी देवावरून काढलेल्या गुलाबांचा येतो तसा. हे म्हणाले, गुलाबाचा की शेवंतीचा? मी परत घेतला, म्हटलं गुलाबाचाच. त्याच्या मागे काहीतरी काळं आहे, रस्ता करताना येतो तसा, पण लांबून, गल्लीच्या पलीकडे काम चाललं असावं इतक्या लांबून. ज्येष्ठमधाची काडी. आणि कपाटात ठेवलेल्या चामड्याच्या पट्ट्याचा. हे डोळे मिटून ऐकत होते. मध्येच मान हलवत होते, ओळखीच्या माणसाची खुशाली ऐकावी तशी. मी एक घोटही घेतला, आणि माझं तोंड असं आवळलं गेलं की पुढचं बोलता येईना. हे वाट बघत राहिले.

दादा खरकट्या ताटल्या घेऊन आत गेले होते आणि नळाचा आवाज येत होता. हे डोळे न उघडता मराठीत म्हणाले, "घरात तू आहेस की खाली गेलीयस, हेसुद्धा मला आता बघावं लागतं. आधी कळायचं."

मला वाटत होतं ह्यांना गूळ हवाय, मासळी हवीय, मसाला हवाय. मी टेबलावरून हात पुढे केला आणि ह्यांच्या मनगटावर ठेवला. म्हटलं, हाक मारत जा. मी ओ देईन.

दादा हात पुसत बाहेर आले, आमच्याकडे बघून दारातच थांबले आणि ह्यांच्याकडे मान करून त्यांनी मला विचारलं, दादा काय म्हणाले?

मी म्हटलं, वाइन फार चांगली आहे म्हणतायत.